ट्रंकमावशींची खात्री

ट्रंकमावशींच्या दारावर टकटक करून नुसतं 'मी' म्हटलेलं चालायचं नाही. आतून लगेच आवाज यायचा, "मी म्हणजे कोण? घरच्यांनी नाव ठेवलं नाही का?" मावशींची सगळी नोकरी ठाण्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेलेली. ज्याच्या नावाचा कॉल, तोच फोनवर आलाय ना, ही खात्री पटल्याशिवाय बाई लाइन जोडत नसत. निवृत्त होऊन आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत राहायला आल्या, तरी खोड काही गेली नाही.

ह्या खोडीनंच घात केला. त्यांच्या मुलानं, अभयनं, लग्नासाठी मुलगी पसंत केली, तर मावशी गुपचूप जवळच्या कोपर गावात तिच्या शेजारीपाजारी जाऊन चौकशी करून आल्या! मुलगी गुणाची निघाली, पण हे कळताच अभयचं डोकंच फिरलं. लग्न करून तो मस्कतला गेला तो गेलाच. चार वर्षं पत्र नाही, फोन नाही. "कामात असेल," एवढंच मावशी म्हणायच्या. मला मेलीलाच रडू यायचं.

नव्याण्णव साली मी स्टेशनजवळ सायबर कॅफे काढला. कुठल्याशा मित्राकडून माझ्या कॅफेचा ईमेल पत्ता मिळवून एका दुपारी अभयचा ईमेल आला, इंग्रजी अक्षरांतलं मराठी: "आई कशी आहे? तिच्याशी बोलायचंय." मी धावत जाऊन मावशींना घेऊन आले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"ना आवाज, ना अक्षर. हा अभय कशावरून?"

"अहो, वर नाव आहे की!"

"नाव काय, तू टाइप केलंस तरी उमटेल. विचार त्याला, लहानपणी कुठे भाजलं होतं?"

"मावशी, चार वर्षांनी लिहितोय तो. पुन्हा बिनसेल हो!"

"पाठव गं तू."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "उजव्या कोपराला, इस्त्रीनं." ते बरोबर होतं, तरी मावशी म्हणाल्या, "हे त्याच्या मित्रांनाही ठाऊक आहे." खाली आणखी एक ओळ होती: "आई, तू जन्मात सुधारणार नाहीस. आता काय रेशनकार्ड पाठवू?" संपलं सगळं, असंच मला वाटलं.

मावशी मात्र खो खो हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "हाच गं माझा! माझ्यावर असं खेकसणारा जगात एकच आहे. लिही, 'सुनेला घेऊन घरी ये. तेव्हा मी चुकले.'"

मी टाइप करून वाचून दाखवलं.

"'चुकले' असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. आता तोच विचारेल बघ, ही आई कशावरून?" मावशी म्हणाल्या. "विचारू दे. सांगेन सगळं."