दुधनीचा न दिसलेला मुलगा आणि त्याचं किमान वस्तुमान

दुधनीला जायचं मामानं परस्पर ठरवून टाकलं. "नुसतं घर बघून यायचं, त्यात तुझं काय जातंय?" मी कृष्णविवरांवर पीएचडी करते. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, त्यातला एक कृष्णविवर असतो, तो दिसत नाही, आणि मी त्याचं वस्तुमान काढते. मामा गावभर सांगतो, "पोरगी आभाळातल्या वस्तूंची वजनं करती." असल्या जाहिरातीवर कोण फिरकणार! पण हे स्थळ आलं, आईला फार आवडलं, आणि घर बघून त्याच संध्याकाळी हो की नाही ते कळवायचं होतं.

तुम्ही सकाळी निघणार असाल तर सोलापूर-अक्कलकोट एसटीत उजवीकडची खिडकी धरा, नाहीतर ऊन खात जाल. बायकांना अर्धं तिकीट. मामानं पूर्ण तिकीट काढताना केलेलं तोंड फुकट बघायला मिळालं. अक्कलकोटला स्टँडवर गरम भजी खाऊन घ्या. पुढे दुधनीच्या गाडीतल्या गप्पा कन्नडमध्ये शिरतात, तेव्हा मान डोलवत राहायचं.

"बर्री, बर्री! कूडरी!" मुलाच्या वडिलांनी 'या, बसा' केलं. मामा पंख्याखालच्या खुर्चीत टेकणार, तेवढ्यात त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "ती मल्लूची हाय." मल्लू म्हणजे नवरामुलगा. तो कुठं आहे?

"आडतीच्या दुकानावर गेलाय, येतोच की," त्याची आई म्हणाली आणि आत गेली. हसत बाहेर आली. पुन्हा आत. टीव्ही बंद होता, कारण रिमोट मल्लूचा. चिवड्यातले काजू मल्लूसाठी बाजूला काढलेले. मल्लूच्या आईच्या खेपा काही थांबेनात.

माझ्यातली संशोधक जागी झाली. आम्हीही हेच करतो. दिसणारा तारा आपल्याकडे येताना त्याचा प्रकाश जरा निळसर होतो, लांब जाताना तांबूस. त्यावरून त्याचा वेग आणि फेरीचा काळ मिळतो, आणि न दिसणारा जोडीदार कमीत कमी किती जड ते कळतं. सूर्याच्या तिपटीहून फारच वर गेला, तर कृष्णविवरच. खरा आकडा मात्र कक्षा आपल्या बाजूला किती कललेली आहे ते कळल्याशिवाय निघत नाही. समोरून बघून भागत नाही. म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरले.

तिथं मल्लूची वहिनी होती. हात चहाच्या भांड्याला, मान मागच्या खोलीकडे. कृष्णविवराजवळचा तारा ओढीनं असाच लांबट होतो. त्याच्या बदलत्या उजेडावरून आम्ही कल काढतो.

"वहिनी, मल्लू आडतीवरून कधी येतील?"

"आडत कुटली? हितंच मागं झोपल्यात की," ती कुजबुजली. "उठवलं तर घर डोक्यावर घेत्यात. सासूबाई सारख्या बघून येत्यात, जागं झालं का म्हणून."

बंद दारामागून घोरणं ऐकू आलं. मुलगी बघायला आलीय आणि मुलाला उठवायची कुणाची छाती नाही! मला आधी हसू फुटलं, मग त्या वहिनीकडे बघून भीती वाटली.

मल्लू न दिसताच आम्ही परतीची गाडी पकडली. मामा खूश. "अख्खं घर त्याच्याभोवती फिरतंय. आणखी काय पाहिजे तुला?"

"तेच नको मला."

सोलापुरात भवानी पेठेत घरी पोचलो तर आई मोबाइल हातात घेऊनच बसलेली. मी खुर्ची, काजू, घोरणं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मला त्या घरात फिरायचं नाही." आता ही बोलायला लागणार, अशी तयारी मी ठेवली होती.

तेवढ्यात आतून बाबांची हाक आली, "अगं, चहाचं काय झालं?" आई अर्धी उठली. मग माझ्याकडे बघून परत बसली.

"तुझे बाबा गं," तिनं हळू आवाजात विचारलं, "सूर्याच्या किती पट निघतील?"

जन्मापासून मी याच घरात राहते, आणि हे गणित कधी मांडलंच नव्हतं. मी तिच्या हातातला मोबाइल घेऊन दुधनीला नकार कळवला. बाबांनी आणखी दोनदा हाक मारली. आई बसूनच राहिली.