सूरमधले खमीसकाका आणि मागचं दार

माझ्या लेकीने, इराने, शाळेच्या शर्यतीतून नाव काढून घेतलं, त्याच आठवड्यात आमचं सूर या जुन्या बंदरगावी जायचं ठरलं. आखातात आम्ही राहतो त्या अल हैलमधल्या एका हळदीकुंकवाला कुणी काकू तिला म्हणाल्या होत्या, "धावून धावून किती काळी पडलीस गं!" मी शेजारीच होते. चक्क हसले.

इरा तेरा वर्षांची. तिच्या खोलीत कृष्णवर्णीय खेळाडूंची चित्रं लावलेली आहेत. रंगामुळे ज्यांना मैदानाबाहेर ठेवलं होतं आणि तरी जे आत शिरून जिंकले, असे खेळाडू. नवऱ्याच्या ऑफिसातल्या सालिमचे काका, खमीस, सूरला राहणारे, आफ्रिकी वंशाचे, एके काळचे धावपटू. त्यांना भेटून पोरीला बळ येईल, एवढाच माझा विचार.

शुक्रवारी सकाळी सहाला नवरा, इरा आणि मी निघालो. रस्ता झकास, अडीच तासांचा; पेट्रोल मात्र कुरियात गावाच्या आधीच भरून घ्या. वाटेत बिम्माच्या खोल नैसर्गिक खड्ड्यातलं हिरवंनिळं पाणी पाहिलं. सूरला समुद्राकाठी कोळशावर भाजलेली सुरमई आणि भात खाल्ला. तिघांचं सहा रियालात भागलं.

खमीसकाकांचं हिंदी फर्मास. त्यांचे वडील गलबतावरून मुंबईला जायचे. त्यांच्या घरी खजूर, कहवा पुढे आला आणि इराने विचारलं, "अंकल, तुम्ही काळे म्हणून तुम्हाला कुणी अडवलं?"



"काळा?" ते हसले. "मी सूरचा. अरब."

आम्ही चूक केली की काय? मी माफी मागणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "एकदा अडवलं. परदेशात, स्पर्धेच्या वेळी. हॉटेलवाला म्हणाला, तुझं जेवण मागच्या दाराने."

"मग?"

"मागच्या दाराने गेलो. भूक लागली होती."

"आणि शर्यत?"

"शेवटून तिसरा." त्यांनी इराच्या फोनमधली तिच्या भिंतीची चित्रं निरखून पाहिली. "ही माणसं मागच्या दाराने गेली नाहीत. ते किती कठीण असतं, हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. म्हणून माझा यांना सलाम."

परतताना मी गोंधळलेलीच होते. आत्ता स्वतःला अरब म्हणवणारे खमीसकाका त्या हॉटेलात कोण होते? आणि हरलेल्या माणसाच्या गोष्टीतून मुलीला काय मिळणार?

सोमवारी इराने शर्यतीत पुन्हा नाव दिलं. का, ते सांगितलं नाही.

रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, त्यांना मागच्या दाराने पाठवलं, तेव्हा त्या हॉटेलमध्ये तू आत बसून जेवत राहिली असतीस?"

"बहुतेक, हो," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

ती माझ्याकडे बघत राहिली. सूरहून मी काय घेऊन आले, असं कुणी विचारलं, तर ती नजर.