हवा घेऊन मालवणला

आमचे मिस्त्री 'ठीक आहे' असं तोंडाने कधी म्हणत नसत. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करत आणि तो समोरच्याच्या नाकापर्यंत नेत. कँटीनवाल्याला पहिल्यांदा वाटलं, वडा मागताहेत. त्याने वडा दिला. मिस्त्रींनी तो खाल्ला, आवडला म्हणून पुन्हा गोल केला. पुन्हा वडा आला.

पाणबुड्यांच्या खुणांत गोल म्हणजे 'मी ठीक'. अंगठा वर म्हणजे 'वर चल'. पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते, तिथे बोलणार काय? आणि कोणी वर बोलावलं की कारण विचारायचं नाही, निघायचं. हा मिस्त्रींचा कायदा.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मुलुंडच्या ज्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो, तिथे आग विझवणाऱ्यांच्या पाठीवरच्या सिलिंडरांत श्वासाची हवा भरली जाई. भरणारे मिस्त्री. साहेबांना विचारून ते दिवाळीच्या सुट्टीआधी आपले दोन जुने सिलिंडरही भरून घेत आणि आमच्यातल्या एखाद्याला धरून आपल्या गावी, मालवणला, समुद्राखाली न्यायला निघत. मुंबईचा समुद्र त्यांच्या हिशेबी समुद्रच नव्हता. "सोताचो हात दिसणा नाय, मासो काय दिसतलो?"

एस.टी.च्या टपावर सिलिंडर चढवताना कंडक्टरने विचारलं, "यात काय?"

"हवा."

"का, मालवणात संपली?"

पहिल्या बुडीत मी विहिरीत पोहणाऱ्यासारखा श्वास धरून बसलो. मिस्त्रींनी माझ्या पोटात बोट खुपसलं, तेव्हा कुठे बुडबुडे सुटले. मग खडकाच्या कपारीतून एक पिवळा मासा बाहेर आला आणि त्यांनी तो मला असा दाखवला, जणू घरचाच कोणी. अशा तीन दिवाळ्या मी त्यांच्याबरोबर गेलो.

तिसऱ्या वर्षी त्यांना सर्दी होती. माझी रजा फुकट जाईल म्हणून ते तरीही उतरले आणि पाण्याच्या दाबाने त्यांचा उजवा कान फुटला. डावा हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या आवाजाने आधीच गेलेला. परतल्यावर ते माणसांच्या ओठांकडे बघून उत्तरं देऊ लागले. आम्ही चारचौघांनी ते झाकून ठेवलं. कारण वार्षिक वैद्यकीय तपासणीत कळलं असतं, तर कंप्रेसर गेला असता आणि कंप्रेसर गेला की मालवणही गेलं.

तपासणीला नावं पुकारायचं काम माझंच. आता बेत ऐका. मिस्त्री स्टुलावर बसणार, डॉक्टर मागे उभे राहून आकडे कुजबुजणार आणि मी समोर हजेरीबुक कोपरांनी छातीशी धरून त्याखाली बोटं दाखवणार, म्हणजे ती फक्त मिस्त्रींना दिसतील. सात. सात बोटं. "सात," मिस्त्री म्हणाले. चार. "चार." नऊ. "नऊ." मला इतकी मजा येत होती की हसू दाबताना गाल दुखले.

डॉक्टर मागूनच म्हणाले, "झकास. म्हणजे ऐकू नीट येतंय ना?"

आमच्या कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात सगळेच 'हो'ला अंगठा वर करत. मीही केला.

मिस्त्री उठून उभे राहिले.

"बसा हो, उठलात कशाला?" डॉक्टर म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मिस्त्री माझ्याकडे बघत तसेच उभे. डॉक्टर स्टुलाला वळसा घालून पुढे आले. माझा अंगठा अजून वरच होता.

डॉक्टरांचं चुकलं नाही. व्हॉल्व्हमधून सुटणारी हवा ज्याला ऐकू येत नाही, त्याला कंप्रेसरपाशी कोण ठेवील? मिस्त्रींना फाटकावरचं काम देऊ केलं गेलं. त्यांनी नको म्हटलं.

ते गावी निघाले तेव्हा मी त्यांचे सिलिंडर बांधायला गेलो. माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलंच नाही. "तू वर बोलवलंस, मी इलंय," ते म्हणाले. "चल, दोरी आवळ नीट."

पुढच्या दिवाळीत मी एकटाच मालवणला गेलो. ती शेवटची भेट, तिला भेट म्हणायचं तर. मिस्त्री किनाऱ्यावर शेवटच्या खडकावर बसले होते, पाठ माझ्याकडे, तोंड समुद्राकडे. तीन हाका मारल्या. भरती चढली होती; त्यांच्यापर्यंत जायचं, तर पाण्यात उतरावं लागणार होतं. मी बूट काढले. थोडा वेळ हातात धरून उभा राहिलो. मग पुन्हा घातले.