भाटाच्या पोथीत मारिया थेरेसा

"मास्टरजी, ये बही है, रफ कापी नहीं," म्हणत भाटाने पोथी माझ्यापुढे आपटली. जुनाट पानाच्या तळाशी निळ्या बॉलपेनने ठसठशीत लिहिलं होतं : मनीषा पटले, बारावी आर्ट्स.

प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. प्रिन्सिपल, मी, भाट, मनीषाचे वडील आणि मान खाली घातलेली मनीषा. गोष्ट २००३ची. दवनीवाड्याकडच्या एका ज्युनियर कॉलेजात मी इतिहास शिकवत होतो.

मूळ गुन्हा माझाच. युरोपची राजघराणी म्हणजे मुलांना डोकेदुखी. कोण कुणाचा काका, कोणाची गादी कुणाला, काही डोक्यात राहत नाही. म्हणून मी होमवर्क दिला : आधी आपल्या घरची वंशावळ काढून आणा, मग ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याची जमेल.

आमच्या भागातला पोवार समाज पिढ्यांपूर्वी माळव्यातून आला. मनीषाचं घरही त्यातलंच; त्यांची वंशावळ तिकडचाच हा भाट सांभाळायचा. चार-पाच वर्षांनी यायचा, मुक्काम करायचा, पोथी वाचायचा, नवे जन्म लिहायचा. म्हणजे मुलग्यांचे. घरात मुलगीच असली, की बापाच्या नावाखाली शून्य. वंश संपला.

मनीषा एकुलती एक. भाट नेमका तेव्हाच त्यांच्याकडे मुक्कामाला होता. पोथी उतरवून घेताना तिला बाबांच्या नावाखाली शून्य दिसलं. तिने ते खोडलं आणि स्वतःला लिहून टाकलं.

"सर, तुम्ही पोरीले काय शिकवून राहिले?" वडील म्हणाले. "भाट आमच्या घरी जेवला नाही. पोथीतून आमचं नावच काढून टाकीन म्हणते तो. आता कॉलेज बंद तिचं."

वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच होती.

"माफी मागा आणि मिटवा," प्रिन्सिपल हळूच म्हणाले.

मी माफी मागितली. पण मास्तरचं तोंड, गप्प बसेल कसं? म्हणालो, "शून्यच काढायचं तर ऑस्ट्रियाच्या सम्राटाखालीही काढावं लागेल."

भाटाने मान वर केली. हा त्याच्या धंद्यातला विषय होता. "कौन सम्राट?"

"सहावा चार्ल्स. मुलगा नव्हता. मोठी मुलगी मारिया थेरेसा. राज्य तिलाच मिळावं म्हणून त्याने युरोपभरच्या राजांकडून लेखी कबुली घेतली. तो गेला आणि त्यातलेच काही जण सैन्य घेऊन तिच्यावर चालून आले."

"भाऊबंदच असतीन," मनीषाचे वडील म्हणाले. माझ्या वर्गाला हे समजायला दोन तास लागले होते.

"फिर? खानदान डूब गया?"

"नाही. एक मुलूख गेला, बाकीचं तिने राखलं. पुढे तिची मुलं गादीवर बसली."

"और उसका आदमी?"

"तो लॉरेनचा. हिच्याशी लग्न करायचं म्हणून आपलं राज्य सोडून आला. घराण्याचं नाव झालं हॅब्सबर्ग-लॉरेन. आधी तिचं, मग त्याचं."

भाट पहिल्यांदाच हसला. "तो घरजमाई बोलो ना. इतना घुमा के क्यों बता रहे?"

त्याने मागची पानं उलटली. दोन ठिकाणी मुलीचं नाव, शेजारी जावयाचं, आणि खाली वंश पुढे चालू. घरजावयाची सोय पोथीत पहिल्यापासून होती. कुणी मागितली नव्हती, म्हणून त्याने सांगितली नव्हती. मला हसावं की चिडावं कळेना.

प्रिन्सिपलनी घाईघाईने चहा मागवला. भाटाने शाईचं पेन काढलं, बॉलपेनची ओळ खोडली आणि आपल्या अक्षरात मनीषाचं नाव लिहिलं. मग वडिलांना विचारलं, "जमाई का नाम?"

वडील मनीषाकडे पाहू लागले.

"अजून बारावी आहे माही," ती म्हणाली. "जागा सोडून द्या. माहं नाव तेवढं पक्कं राहू द्या."

भाटाने जागा सोडली. त्या दिवशी तो त्यांच्याकडे पोटभर जेवला आणि मनीषा दुसऱ्या दिवशी वर्गात आली. पुढच्या फेरीला तो आला तेव्हा ती सौंदडला शिक्षिका होती. जावयाची जागा रिकामीच होती. "घाई कायची आहे?" असं तिने त्याला विचारल्याचं वडिलांनीच मला सांगितलं, तेही कौतुकाने.

मी मात्र एक शिकलो. नियम मोडायच्या आधी वहीची मागची पानं चाळावीत. बरेचदा तो आधीच कुणीतरी मोडून ठेवलेला असतो.