मुखवटावाल्याची बहीण

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेल्या माणसाने शहाद्याच्या कुरिअरवाल्याला दिवसातून दोनदा फोन करून "माझं कॉमिक आलं का हो?" असं विचारणं काही शोभत नाही. मला कळतं ते. तिसऱ्या दिवशी कुरिअरवालाच म्हणाला, "काका, नातूनं शे का?" मी म्हटलं, "हो, नातवाचंच." मला नातू नाही. मुलगा पुण्यात, त्याचं अजून लग्नच व्हायचंय. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी एकटा. आपला हात जगन्नाथ म्हणत दोन वेळची खिचडी टाकतो, आणि जेवताना घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून बातम्या लावतो. ऐकत मात्र नाही.

खरं सांगायचं तर कॉमिक हे निमित्त होतं. मला ताईला फोन करायला काहीतरी कारण पाहिजे होतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दिली विसरवाडीला, हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. वडील गेले आणि त्यानंतरच्या वर्षी मी मळ्याच्या हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी झालं. आमच्याकडे सगळेच घेतात. चांगली बहीण मुकाट सही करते, भाऊ तिला साडी घेतो, आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी मानाने आणतो. झालं, फिटलं. मलाही तसंच वाटलं होतं. ताईने सही केली, साडी घेतली, रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर उसाचा रससुद्धा घेतला माझ्याबरोबर. आणि त्या वर्षीच्या आखाजीला ती आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. पुढच्या वर्षी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या वर्षी तर भाच्यानेच फोन उचलला.

आखाजीला लेकी आल्या नाहीत तर खान्देशात घर घर वाटत नाही. गल्लीत सगळीकडे झोके बांधलेले, बायकांची गाणी, घराघरांतून आमरसाचा वास, आणि मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "ताईचे गुडघे फार दुखतात हो" असं सांगत बसायचं. चार वर्षं सांगितलं. गल्लीतल्या लोकांनी विचारणंच सोडून दिलं.

अशात एका दुपारी मोबाइलवर जाहिरात दिसली. मुखवटावाला परत येतोय! माझा तर विश्वासच बसेना.

आता हा कोण ते सांगतो. मी दुसरीत असताना शहाद्याच्या बसस्टँडजवळ एक म्हातारा सुतळीवर कॉमिक लटकवून भाड्याने द्यायचा. वडिलांबरोबर बाजाराला गेलो की एक घेऊनच यायचो. सगळी हिंदीत, आणि मला तर मराठी वाचतानाही घाम फुटायचा. ज्वारी राखायला आम्ही दोघं मळ्यात जायचो, तेव्हा माळ्यावर बसून ताई वाचायची आणि मी गोफण घेऊन पाखरं हाकलायचो. वाचायची हिंदी, सांगायची अहिराणीत. त्यामुळे मुखवटावाला हातात वीज धरून गुंडांना म्हणायचा, "व्हय बाजूले, नहीतं भाजी काढसू!" असा हिरो होता तो. दिवसा वायरमन, वेळ आली की मुखवटा.

आणि त्याला एक बहीण होती. काय बहीण होती! तो अडकला की तीच सोडवणार. गुंडांचा अड्डा तिला आधी कळणार, मुखवटा फाटला तर तीच टाके घालणार. मी म्हणायचो, "दखाड ना ती." ताई पुस्तक जरासं वळवून बाजाराच्या चित्रातली एखादी टोपली घेतलेली बाई दाखवायची. "हाई दख, हीच ती. वळखू येवाले नको म्हनीसन असा वेश करस." मला ते एकदम पटायचं.

शेवटचं जे कॉमिक मिळालं त्यात मुखवटावाला धरणाच्या भिंतीखाली निपचित पडला होता. बहीण शेजारी बसून म्हणत होती, "ऊठ भो, भाकरी थंड्या व्हई ऱ्हायन्यात." आणि खाली लिहिलेलं, पुढे काय झालं ते दुसऱ्या भागात. तो दुसरा भाग शहाद्याला आलाच नाही. म्हाताऱ्याने सुतळी गुंडाळली आणि कुठे गेला कोण जाणे. तो उठला की नाही यावर आम्ही किती भांडलो असू! ताईचं लग्न ठरलं तेव्हाही मी तिला तेच विचारलं होतं.

तर तो दुसरा भाग आता आला होता, इतक्या वर्षांनी. म्हटलं, हा वाचायचा, ताईला फोन लावायचा आणि सांगायचं, "ताई, तो उठला गं." बस, एवढंच. मग ती हसेल, आणि बोलता बोलता मी म्हणेन, आखाजी आठ दिवसांवर आली, ये ना. किती वेळा घोकलं मी हे!

कॉमिक आलं. गुळगुळीत कागद, नुसता चकचकाट. दारातच उभ्याने वाचून काढलं, आणि काय सांगू, डोक्यात तिडीकच गेली. मुखवटावाला धरणाखालून उठतो कसा? पहिल्याच पानावर, आपोआप! छाती फुगवलेली, दंड केळीच्या खोडासारखे, आणि वायरमनचा पत्ता नाही. तो आता कुठल्याशा ग्रहावर जातो, तिथे अर्धं इंग्रजी झाडतो, पानपानभर उपदेश करतो. मध्ये चार पानं जाहिराती. शेवटी परत आहेच, पुढचा भाग लवकरच. अरे, लाज वाटते का? पण हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. बहीणच नव्हती. पान पान उलटून पाहिलं, गर्दीतली बाई न् बाई पाहिली, टोपलीवाल्या बायासुद्धा. कुठेच नाही. तिचं काय झालं, कुठे गेली, एक ओळ नाही. जणू ती कधी नव्हतीच.

घोकलेलं सगळं विसरून मी रागारागातच फोन लावला. नशीब, ताईनेच उचलला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"ताई, मुखवटावालाना दुसरा भाग उना," मी म्हटलं. "नुसता कचरा! बहीणले काढी टाकं त्यासनी!"

 ताई हसायलाच लागली. चार वर्षांनी ऐकलं मी तिचं हसणं.

"अरे येडा," ती म्हणाली, "बहीण कव्हय व्हती त्यामा?"

"म्हणजे?"

"मी टाकी व्हती तिले. तो बिचारा एकलाच व्हता. मार खाये, घर जाये ते कोनी नही. मले वाईट वाटे."

"आणि ती टोपलीवाली?"

"ती भाजीवाली व्हती रे!"

मलाही हसू आलं, पण राग काही जाईना. म्हटलं, "तरी पण. मी इतकी वर्षं तिला धरून चाललो होतो. मला फार लागलं, ताई. असं कसं काढून टाकतात? काही नाही तर नुसतं नाव तरी ठेवायचं तिचं."

हे मी बोललो. माझ्या तोंडाने बोललो, आणि बोलून झाल्यावर माझ्या कानांना ऐकू आलं. 

पलीकडे एक ट्रक गेला, मग दुसरा. ताई म्हणाली, "इतला राग उना तुले?"

"उना," मी म्हटलं.

"मले बी उना व्हता, भो."

आवाज चढवला नाही तिने. मी चुकलं म्हणालो, दोनदा म्हणालो, पण ते तिने ऐकलं की त्याआधीच फोन बंद झाला, सांगता येत नाही. आखाजीचं बोलायचं राहूनच गेलं. आणि कुठल्या तोंडाने बोलणार होतो? त्या दिवशी मी बातम्याही लावल्या नाहीत. खिचडी तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातबारा पिशवीत घालून तलाठी ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसलो. कुलूप होतं. उन्हं पायापर्यंत आली तेव्हा तलाठी आला, मला ओळखून हसला, आणि कुलूप उघडता उघडता त्याने विचारलं, "काय काका, आते कोन्हं नाव कमी करनं शे?"