गाईला घातलेला कोंडा

हे मी कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढेही नाही — त्याच्यापुढे मी आयुष्यभर नुसतं मागतच बसले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या नात्यातले नाही.

साठ-एकसष्ट साल असेल. आम्ही बंगळूरला, जयनगरात नवीनच राहायला आलो होतो. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. घरात सासूबाई, माझी दोन पोरं आणि माझी नणंद, कुसुम. कुसुम जाड. म्हणजे — चांगलीच जाड. चोवीस वर्षांची, हसरी, कामाला वाघ. पुण्याकडच्या दोन स्थळांनी बघून नकार कळवला. मुलगी अंगाने जास्त आहे म्हणे! मेल्यांनी आपल्या पोरांच्या ढेऱ्या तरी बघायच्या.

मग डॉक्टरांनी सांगितलं, पीठ चाळू नका. कोंड्यासकट पोळ्या करा, चोथा पोटात गेला की थोडक्यात पोट भरतं, वजन हळूहळू उतरतं. सासूबाईंनी फारच मनावर घेतलं. दर महिन्याला कुसुमला कोपऱ्यावरच्या वखारीत न्यायच्या आणि जळाऊ लाकडं तोलायच्या काट्यावर उभी करायच्या. वखारवाला हसायचा, लाकडं फोडणारे हसायचे. मीही हसायचे, पदर तोंडाला लावून. लाज? छे!

स्वयंपाक माझ्याकडे होता. आणि — आता सांगायलाच हवं ना? — मी पीठ चाळत होते. रोज, बारीक चाळणीने. कुणाला संशय नको म्हणून तिच्या पोळ्या लाटताना वरून चिमूटभर कोंडा भुरभुरायचे. बाकी सगळा गवळ्याला. तो दारात गाय आणून दूध काढायचा. कोंडा मिळाला की "अक्का, अक्का" करत खूष. गाय चांगली तुकतुकीत झाली.

कुसुमचं पोट कसं भरणार? दोन पोळ्या खाऊन ती ताटावर तशीच बसून राहायची. मग तिसरी मागायची, मग चौथी. मान खाली घालून.

का केलं मी हे? द्वेष म्हणाल, तर तोही नाही. तेवढी किंमतच मी तिला देत नव्हते. पण कुसुम पाणी भरायची, धुणं धुवायची, माझ्या पोरांना न्हाऊ-माखू घालायची. ती बारीक होऊन लग्न करून गेली असती, तर हे सगळं कुणी करायचं? मी? मला दुपारी झोप लागायची हो. एवढंच. माझ्या दुपारच्या झोपेसाठी.

चौथ्या महिन्यात वजन उतरायच्या ऐवजी वाढलं. वखारीतून घरी आल्या आल्या सासूबाई कडाडल्या — चोरून खाते कार्टी! कुसुमने माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघर वहिनीच्या हातात, आपण डब्याला हात लावत नाही हे वहिनीला ठाऊक आहे, वहिनी सांगेल — असं वाटलं असेल बिचारीला. आणि मी म्हणाले, "डब्यातले लाडू कमी झालेत खरे."

लाडू मी खाल्ले होते.

ती भांडली नाही. मला तेव्हा तिचीच चीड आली. बावळट कुठली, तोंड नाही का हिला! आज चीड कुणाची येते, ते काय सांगायचं?

त्यानंतर स्थळं बघणंच थांबलं. जिभेवर ताबा नाही हो तिचा, असं सासूबाई सांगायच्या, आमचे हे सांगायचे. पुढे पुढे कुसुमही आल्यागेल्याला तेच सांगू लागली, हसत हसत. तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

माझी पोरं तिनेच वाढवली. मरेपर्यंत ती आमच्याकडेच होती. केस पिकले, दात पडले, तिला बोलणाऱ्या सासूबाईही केव्हाच गेल्या. तरी दोन पोळ्या झाल्या की ती थांबायची, माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "वहिनी, अजून एक घेऊ?"

आणि मी — सगळं ठाऊक असलेली मी — म्हणायचे, "अर्धी घे."