कमळाक्का कुठल्या हेडमध्ये?

चांगली कामं मोजायला आमच्या संस्थेत एक्सेल लागतं. किस्से मात्र आपोआप साठतात!

इंदिरानगरच्या ऑफिसात पॅसेजच्या अलीकडे आम्ही प्रोग्रॅमवाले, म्हणजे पैसे उडवणारे. पलीकडे फायनान्स, म्हणजे पैसे असूनही न देणारे. तिकडचे सर्वेसर्वा अनंतराव. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे, म्हणून सगळ्यांचे अण्णा. देणगीदारानं ज्या हेडखाली पैसे दिले, त्याच हेडखाली ते खर्च व्हायला हवेत, हा त्यांचा धर्म.

*

के. आर. पुरमच्या आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांना खाऊ म्हणून केळी द्यायची होती. अण्णा म्हणाले, “स्वल्प थांबा. तीन कोटेशन आणा.”

हातगाडीवाल्यांकडून कोटेशन! माझी सहकारी मेघना, नुकतीच पुण्याहून आलेली, बिचारी तीन गाड्यांवर हिंदी झाडून दर लिहून घेऊन आली. मंजुरी मिळेपर्यंत सगळ्यांत स्वस्तवाला गावी निघून गेला होता.

“मग परत तीन आणा!”

*

दोन्ही टीमचं पटत नाही म्हणून वरून फर्मान आलं, समन्वय कार्यशाळा घ्या. ट्रेनिंगच्या हेडमध्ये पैसे पडूनच होते. व्हाइटफील्डच्या एका झकास हॉटेलात दिवसभर बसलो, पनीर हाणलं आणि एकमतानं ठरवलं, केळी परवडत नाहीत. झाला की नाही समन्वय?

*

केळी गेली खड्ड्यात, पण कमळाक्का! त्या वर्गाच्या शिक्षिका. मुलं त्यांच्यावर जीव टाकतात आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. नव्या ग्रँटमध्ये देणगीदारानं फिरत्या शाळेसाठी व्हॅन दिली, डिझेल दिलं, ड्रायव्हरचा पगार दिला. शिक्षिकेचा दिलाच नाही! विनवण्या केल्या, तर उत्तर आलं, “पण फिरती शाळा किती इनोव्हेटिव्ह आहे!” डोंबल!

मेघना रडकुंडीला येऊन अण्णांकडे गेली. “ड्रायव्हरच्या पगारातून अक्कांना द्या ना!”

“ड्रायव्हरचा पगार ड्रायव्हरलाच.”

असा संताप आला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवसापासून तर अण्णा पाच वाजले की गायब. चौकशी केली, तर स्वतःच्या कारवर कमळाक्कांना ड्रायव्हिंग शिकवत होते.

अक्कांना लायसन्स मिळालं. ड्रायव्हरच शिकवणार, असं देणगीदाराला रीतसर कळवलं. त्यांना ते आणखीच इनोव्हेटिव्ह वाटलं.

पहिल्या दिवशी के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमधून व्हॅन कमळाक्कांनीच नेली. शेजारी अण्णा, मागं आम्ही दोघी पुस्तकांचे गठ्ठे कवटाळून. वर्गासमोर कचकचून ब्रेक लागला.

अक्का म्हणाल्या, “सरी, झालं अण्णा, डोळे उघडा. पोचलो.”